रिकामी डबी कशी द्यायची

दातार मॅडमनी मला बस म्हटलं नाही, तेव्हाच मी काय ते ओळखलं. एरवी घोडेगावच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात त्या टपालवाल्यालासुद्धा खुर्ची द्यायच्या. त्या दिवशी त्यांनी कप बशीत ठेवला आणि म्हणाल्या, "रत्ना, तुझा गेणू पॉझिटिव्ह आला."

तुझा गेणू! जसा काही मी त्याला माहेराहून आंदण आणला होता.

दोन हजार एक साल होतं. क्षयाच्या औषधांची नवी पद्धत आमच्या संस्थेनं आंबेगावच्या डोंगरी भागात नुकतीच सुरू केली होती. एक दिवसाआड पेशंटच्या दारात जायचं, आपल्या डोळ्यांदेखत त्याला गोळ्या गिळायला लावायच्या, आणि दोन महिन्यांनी त्याचा बेडका, म्हणजे खोकून काढलेला कफ, डबीत घेऊन तपासायला द्यायचा. जंतू दिसले नाहीत की औषध लागू पडलं. जंतू दिसले की कुठंतरी पाणी मुरतंय. या कामासाठी दोन प्रशिक्षणार्थी घेतले होते, मी आणि भरत. दिवाळीनंतर दोघांपैकी एकालाच कायम करणार, हे पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. भरतचे पेशंट पक्क्या सडकेवरचे होते. माझा गेणूबाबा डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडे, डोंगराला टेकलेल्या वाडीत.

आणि ही नोकरी मला हवी होती. हवी म्हणजे नुसती हवी नाही, तिच्यावाचून मला घरी, निरगुडसरला, तोंड दाखवायची सोय नव्हती. मी पुण्यात आरोग्य शिक्षणाची पदविका केली तेव्हा आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, चारचौघांत विचारलं होतं, "ना डाक्टर, ना नर्स. मग तू करनार काय?" मी म्हटलं, लोकांना समजावून सांगणार. दादा म्हणाले, "म्हंजी तोंडाची वाफ दवडायची. त्याला पुन्याला कशाला जाया पाहिजे? आपली आत्या फुकट करती." सगळे हसले. आत्यासुद्धा हसली, आणि त्याच आत्यानं माझ्यासाठी वारूळवाडीचं स्थळ आणलं. नोकरी पक्की झाली तर थांबू, नाहीतर दिवाळीनंतर बघायला येतील, असं ठरलं होतं.

"गोळ्या तुझ्यासमोर गिळतो?" मॅडमनी विचारलं.

"माझ्यासमोर."

"बेडका तुझ्यासमोर घेतला होतास?"

"हो," मी म्हणाले.

पहाटे उठल्या उठल्या पहिला बेडका घ्यायचा आणि कार्यकर्त्यानं समोर उभं राहायचं, असा नियम होता. वाडीला पहिली एसटी पोचायची तेव्हा माणसं न्याहारी करून शेतात गेलेली असायची. नियम करणाऱ्याला कुणी एसटीचं वेळापत्रक दाखवलं नसावं. आदल्या दिवशी डबी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी भरलेली घ्यायची, असंच सगळे करत, भरतसुद्धा. आणि समोर घेतला म्हणून सगळे सही करत.

"कधी कधी होतं असं," मॅडम जरा निवळल्या. "उद्या परत जा. परत घे. हा निगेटिव्ह आला तर तुझं नाव मी पुढं पाठवते. नाही आला, तर भरत आहेच."

दुसऱ्या दिवशी एसटीत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पॉझिटिव्ह येईलच कसा? दोन महिन्यांपूर्वी म्हातारा काटकी होता, बसल्या जागी धापा टाकायचा. आता त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. गोळ्यांना न जुमानणारा क्षय असतो, असं पदविकेत शिकवलं होतं. तोच असेल तर म्हातारा गेला, आणि त्याच्या मागोमाग मीही गेले. मला आधी कुणाची काळजी वाटली, हे विचारू नका.

गेणूबाबा अंगणात इळ्यांना धार लावत बसले होते. भात कापणीला आलं होतं. मला बघून त्यांनी पाट पुढं केला.

"बाबा, जंतू निघाले."

"कशात?"

"तुमच्या डबीत."

ते हसायला लागले. म्हातारा इतका हसला, की मला रागच आला.

"आगं पोरी, त्यात माजं काय व्हतं? सकाळी उठून लई खोकलो. घसा सोलून निगाला, पन काय बी येईना. पार कोरडा ठाक. आन डबी तर तू दिल्याली. मग मोकळी कशी द्यायची? रिकामं भांडं माघारी देत्यात व्हय कुनी?"

मी पाटावर बसले. ते खोटं बोलत नव्हते. माझा जेवणाचा डबा त्या घरातून कधी रिकामा परत आला नव्हता. मी माझी पोळीभाजी खायची, डबा घासायला म्हणून सून आत न्यायची, आणि निघताना तो हातात जड लागायचा. कधी मूठभर नवे तांदूळ, कधी आवळे, काहीच नसलं तर चिमूटभर साखर. आमच्या निरगुडसरलाही हीच रीत. शेजारणीची वाटी रिकामी परत केली तर आई माझ्या पाठीत धपाटा घालायची. फक्त बेडक्याच्या डबीला ही रीत लागू पडेल, हे पुण्यात कुणी शिकवलं नव्हतं.

"शिवाय तुजी परीक्षा व्हती म्हनलीस," बाबा सांगत होते. "मोकळी डबी बघून तुजी म्याडम काय म्हनली असती? म्हनली असती, ह्या पोरीनं कायच काम केलं न्हाई."

"मग कुणाचा बेडका होता तो?"

त्यांचं हसू थांबलं. ज्याचा बेडका त्याला क्षय, हा विचार त्यांच्या मनात आलाच नव्हता. ते दाराकडे बघायला लागले, आणि आतून खोकण्याचा आवाज आला. तो आवाज दोन महिने मी ऐकत होते आणि चुलीचा धूर समजत होते.

आत सरूबाई चुलीपुढं बसली होती. गेणूबाबांच्या धाकट्याची, आळेफाट्याला कामाला असलेल्या दादाभाऊची, बायको. माझ्याच वयाची. मांडीवर तान्ही मुलगी पीत होती. बाहेरचं सगळं तिनं ऐकलं होतं.

"धुराचा खोकला हाय," मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली.

"संध्याकाळी अंगात कसर येते?"

तिनं चुलीत लाकूड सारलं. मी परत विचारलं.

"येती. आखाडापास्नं."

"सरूबाई, उद्या माझ्याबरोबर घोडेगावला चला. औषध फुकट आहे. बाबा बरे झाले ना? तसंच..."

"न्हाई." तिनं मुलीला पदराखाली आणखी ओढलं. "माजी मोठी जाऊ, कुशाबाई, तिला असंच झालं. थोरल्या दिरानं तिला माहेरी नेऊन घातली. बायकूचं दुखनं माहेरानं निस्तरायचं, म्हनला. बरी झाली का आनतो. तिचं पोरगं हितं ऱ्हायलं. तिचा दहावा बी तिकडंच घातला. माजं माहेर तर त्याच्या बी पलीकडं, तिथं कुनाला सवड हाय गोळ्या द्यायला?"

"दादाभाऊ तसं करणार नाहीत."

"आखाडापास्नं म्या त्यांच्यापासनं खोकला लपिवते. आमी एका ताटात का जेवत न्हाई, ते त्यांना ठावं न्हाई. आन तुमी मला सांगता, ते काय करतील?"

मी दारातल्या बाबांकडे वळले. "आणि कुशाबाईच्या वेळी तुम्ही बघत बसलात?"

म्हाताऱ्यानं इळा खाली ठेवला. "पोरं आयकत्यात व्हय आता," एवढंच म्हणाले.

मग मी सगळं करून पाहिलं. तिला तान्हीचं भय घातलं, माझ्या नोकरीचं सांगितलं, शेवटी तिच्या पाया पडले. खरंच पडले. पदविकेत याला समुपदेशन म्हणतात. ती रडतच म्हणाली, "ताई, तुमच्यापायी थुकले म्या त्या डबीत. बाबा म्हनले, पोरीचं वाटुळं व्हईल. आता माजंच नाव घेनार? घ्या. म्या सांगन, त्यो म्हाताऱ्याचाच व्हता. डबीवं नाव बी त्यांचंच हाय."

बाहेर येऊन मी बाबांना डबी दिली. या वेळी समोर उभी राहिले. खूप खोकल्यावर थेंबभर काहीतरी आलं. एवढं पुरतं. हा निगेटिव्ह येणार, हे मला आणि त्यांना दोघांनाही माहीत होतं. "आता तुजं काम झालं ना?" त्यांनी विचारलं. मी डबीचं झाकण घट्ट लावलं.

परतीच्या गाडीत माझी नोकरी माझ्या पिशवीत होती. ती डबी फक्त टेबलावर ठेवायची होती. गेणू बरा, रत्ना कायम, दादांचं तोंड बंद. सरूबाईला हळूहळू समजावता येईल, मी स्वतःला सांगत होते. गोडीगुलाबीनं. दिवाळी होऊ दे, कापणी होऊ दे. पण ती तान्ही रात्रंदिवस त्या छातीला चिकटलेली. एवढ्याशा लेकराच्या मेंदूत क्षय शिरायला वेळ लागत नाही. हे मला ठाऊक होतं, हेच तर शिकले होते. शिकले नसते तर बरं झालं असतं, असं त्या गाडीत मला मनापासून वाटलं. आणि सरूबाई तर नाकबूल जाणार होती. तो पॉझिटिव्ह आलेला कागद खरा कुणाचा, हे सांगितल्याशिवाय कुणी तिच्या दारात जाणार नव्हतं.

मी मॅडमना सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, बसले असते तर जमलं नसतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "काल मी विचारलं, समोर घेतलास का. तू हो म्हणालीस."

"हो म्हणाले."

"मग बाकीच्या कागदांवर मी विश्वास कसा ठेवायचा? गोळ्या खरंच गिळल्या, हेही तूच लिहिलंयस." त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला भांडता आलं असतं. "खरं सांगितलंस ते बरं केलंस. पण उद्यापासून येऊ नकोस. बिल्ला ठेव इथं."

मी बिल्ला काढून टेबलावर ठेवला. "सरूबाईंचं काय?"

"भरत जाईल. आत्ताच जाईल."

भरत वाईट मुलगा नव्हता. माझ्याकडे त्याला बघवेना, म्हणून तो जीपची किल्ली शोधत राहिला. संस्थेची ती जीप! वर भोंगा आणि दोन्ही दारांवर माणसाच्या फुप्फुसांचं लालभडक चित्र. मी त्याच्या मागं धावले. "भरत, एसटीनं जा. तुझ्या पाया पडते, जीप नेऊ नकोस. अख्खी वाडी जमेल."

"एसटी आता कुठं आहे?" तो म्हणाला. "आणि मॅडमनी आत्ताच सांगितलंय." त्याचंही बरोबरच होतं. त्याचंही कायम व्हायचं राहिलं होतं.

मी घरी गेले. दादांनी विचारलं, "आज लवकर?" मी म्हटलं, नोकरी गेली. त्यांनी वाफेचा टोमणासुद्धा मारला नाही, आईला नुसतं ताट वाढायला सांगितलं. आईनं ताट वाढलं. माझ्या डोळ्यांसमोर ती जीप वाडीत शिरत होती, पोरं मागं धावत होती, बाया दारात येत होत्या. वाडीतली एक बातमी आळेफाट्यापर्यंत जायला काय लागतं? सकाळचा भाजीचा टेम्पो. दादाभाऊ आळेफाट्याला ट्रकच्या गॅरेजात कामाला होता आणि दर शनिवारी घरी जायचा. दुसऱ्या दिवशी शनिवार होता.

सकाळी मी मंचरला काम आहे सांगून निघाले आणि नाशिकच्या गाडीत बसले. काय बोलायचं ते ठरवत होते आणि सगळंच पुसलं जात होतं. आळेफाट्याला उतरले तेव्हा एकही वाक्य जुळलं नव्हतं.

गॅरेज हमरस्त्यालाच होतं. दादाभाऊ कोण, असं विचारल्यावर एकानं बोट दाखवलं. तो नळावर रॉकेलनं हातांचं ग्रीस काढत होता. शेजारी पिशवी भरून ठेवलेली होती. बापासारखाच उंच, पण खांदे पडलेले.

"मी रत्ना. बाबांना गोळ्या द्यायला येते ती."

"आसं व्हय. बाबा लई सांगतो तुमचं." त्यानं हात फडक्याला पुसले. "घरी जीप आली व्हती म्हनं काल. टेम्पोवाला सांगून गेला, सगळ्यांच्या देखत. मालक म्हनला, आमच्या माठातलं पानी पिऊ नको. आता काय करू ताई? जातो आन तिला माहेरी पोचवून येतो. पोरगीला माजी बहीन सांबाळंल."

"तिला हलवू नका."

"मग काम सोडू? हितनं काढलं तर खायचं काय? आन तिनं आखाडापास्नं माज्यापासून लपिवलं." त्याचा आवाज फाटला. तो रागावलेला नव्हता, घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाला समजावणं फार अवघड असतं.

मी सांगायला लागले. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागण व्हायची थांबते. मधेच तुटलं तर मात्र आजार बळावतो. मुलीला अंगावरचं पाजायचं तोडू नका, तिलाही तपासून गोळी सुरू करतात. तो ऐकत होता, पण मधेच त्यानं हात वर केला.

"ताई, एक सांगा. तुमी हापिसातनं आलाय, का आपल्या आपनच?"

माझा हात बिल्ल्याच्या रिकाम्या जागी गेला.

"न्हाई, म्हंजी हापिसानं सांगितलं आसंल तर मला आयकावंच लागंल. मालकाला बी सांगता येईल, भाऊबंदांना बी सांगता येईल, का सरकारी मानूस म्हनला, बाईला हलवू नका. आपल्या आपनच आला आसाल तर ऱ्हाऊ द्या. माजं घर मला कळतंय."

काल खरं बोलले म्हणून तो बिल्ला टेबलावर ठेवून आले होते. आज या माणसाला मी नको होते, माझं ज्ञान नको होतं, त्याला बिल्ला हवा होता. भावकीत पुढं करायला एक आडोसा हवा होता. तो मागत होता तेवढंच माझ्याकडे नव्हतं.

"ऑफिसातनं," मी म्हणाले. "मला ऑफिसनंच पाठवलंय. बाई माहेरी पाठवली तर औषध बंद पडेल, आणि मग आम्हाला आधी तुम्हाला तपासायला न्यावं लागेल."

त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. मग वळून मालकाला हाक मारली. मालक आला, आणि मी त्याच्यापुढं तेच सगळं परत म्हटलं. माठातल्या पाण्यातून टीबी होत नाही, हे खरं. मी ऑफिसातून आले, हे खोटं. त्यानं खरं ऐकलं की नाही कोण जाणे, खोटं मात्र नीट ऐकलं. "म्याडम सरकारी हायेत, तर मग काय," तो म्हणाला आणि पाना उचलून गेला.

दादाभाऊ पिशवीशी बसला. "बाबा बरा झाला," तो स्वतःशीच म्हणाला. "म्हंजी ती बी व्हईल?"

"होईल."

"गोळ्या कोन देनार? त्यो जीपवाला नको. गाव गोळा करतो. ती त्याच्याम्होरं तोंड बी उघडनार न्हाई."

"मी देईन."

"कवा?"

"सोमवार, बुधवार, शुक्रवार. बाबांसारखंच."

"बगा हं." तो उठला. त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला होता, आणि तो बघून मला धडकी भरली. "तुमच्या शब्दावं ठेवतो तिला घरात. सगळ्यांशी वाईट व्हऊन ठेवतो. पन एक खेप जरी तुमी चुकलात ना म्याडम, त्याच दिशी मी तिला पोचवून येईन. मग हापिस आलं तरी आयकनार न्हाई."

गोळ्यांचा खोका भरतच्या कपाटात होता. कपाटाची किल्ली दातार मॅडमकडे होती. एसटीचा पास संस्थेचा, आणि निरगुडसरला मला पुन्हा कुणी घराबाहेर सोडेल की नाही, हेही मला माहीत नव्हतं.

"नाही चुकणार," मी म्हणाले. "सोमवारी पहिल्या गाडीनं येते."